ग्रीक गाण्यात कोण बोललं, कोण मुकं राहिलं

अभ्यासवर्ग संपला. सतरंजी गुंडाळली. पोरं चहाला गेली. एक जण मागे रेंगाळला. त्या दिवशी मी जगातल्या गुलामगिरीवर बोललो होतो. ग्रीस, रोम, अमेरिका. तो चपला घालायचा, काढायचा, परत घालायचा. शेवटी म्हणाला, "दादा, त्या ग्रीसमध्ये आपल्यासारखे होते का?"

मी म्हणालो, "होते की. सगळा ग्रीस त्यांच्याच खांद्यावर उभा होता."

तो म्हणाला, "तसं नाही. म्हणजे, तसंही. पण..." आणि गप्प झाला.

मग मला आठवलं. वर्गात मधेच कुणीतरी एका नेत्याला 'बायल्या' म्हणालं होतं. सगळे हसले. मीही हसलो. हा हसला नव्हता.

'आपल्यासारखे' या एका शब्दात त्याने दोन प्रश्न विचारले होते. मी एकाचंच उत्तर दिलं. दुसऱ्यासाठी मला पुस्तकं उघडावी लागली. जे सापडलं ते लिहून काढतोय. त्याच्यासाठी, आणि तुम्हा सगळ्यांसाठी. कारण हसलो आपण सगळेच होतो.

आधी दोन गैरसमज बाजूला करू. एक जण म्हणतो, बाईचं बाईवर प्रेम, बाप्याचं बाप्यावर प्रेम, ही सगळी परदेशी थेरं. मित्रांनो, परदेशातून आलं होतं ते कलम. ३७७ इंग्रजांनी १८६० साली दंडसंहितेत घातलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते मोडीत काढलं. दुसरा जण शिकलेला, पांढरपेशा. तो म्हणतो, अहो, प्राचीन ग्रीसमध्ये सगळं खुलं होतं, ते तर प्रेमाचं सुवर्णयुग. सुवर्णयुग म्हटलं की माझे कान उभे राहतात. खुलं होतं, पण कुणासाठी? आणि कुणाच्या जिवावर?

हे तपासायला गाण्यांइतका चांगला पुरावा नाही. इसवी सनापूर्वीच्या सातव्या-सहाव्या शतकात ग्रीक बेटांवर आणि किनाऱ्यावरच्या गावांत गाण्याची एक नवी रीत आली. लायर हे छोटं तंतुवाद्य घेऊन गायचं. होमरच्या महाकाव्यात वीर होते, लढाया होत्या, गाणारा बाहेर उभा होता. या गाण्यांत 'मी' आला. मी तळमळतो, मी चिडलोय, मी म्हातारा झालो. पुढे अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी अशा नऊ कवींची यादी पक्की केली. नवांत बाई एकच, सॅफो. अर्खिलोकस, थिओग्निस, सेमोनिदीस या यादीत नाहीत, त्यांचे छंद वेगळे. पण काळ तोच आणि ऐकणारेही तेच, म्हणून मी त्यांनाही धरतोय. एवढंच ध्यानात ठेवा की गाण्यातला 'मी' म्हणजे दर वेळी कवी स्वतःच असतो असं नाही. तो घेतलेला सूरही असतो.

ही गाणी कुठे म्हणायचे? बरीचशी बैठकीत. तिला ते सिम्पोझियन म्हणत. घरातली पुरुषांची खोली. कोचांवर रेलून बसलेले नागरिक. वाईनमध्ये पाणी मिसळून प्याले फिरतायत. त्यांच्या बायका तिथे नाहीत, त्या आत. तिथे असणाऱ्या बाया म्हणजे बासरीसारखं वाद्य वाजवणाऱ्या पोरी, पैसे देऊन आणलेल्या बाया, बहुतेक गुलाम किंवा परक्या. प्याले भरणारी पोरंही गुलाम. कोचावरचा 'मी' गात होता. प्याला भरणारा ऐकत होता.

या समाजात प्रेमाचा नियम काय होता? आज आपण विचारतो, पुरुष पुरुषावर प्रेम करतो का बाईवर? ग्रीकांचा पहिला प्रश्न तो नव्हता. त्यांचा प्रश्न होता, वर कोण आणि खाली कोण? इंग्रज अभ्यासक केनेथ डोव्हर यांनी १९७८ साली या विषयावर एक पुस्तक लिहिलं. कुंभारांच्या भांड्यांवरची चित्रं, कोर्टातली भाषणं, कविता, सगळं समोर ठेवून त्यांनी हे मांडलं. प्रौढ नागरिकाने कोवळ्या मुलाच्या मागे लागावं, याला समाजाची मान्यता होती. मागे लागणारा 'एरास्तेस', ज्याच्या मागे लागायचं तो 'एरोमेनोस'. मुलाला दाढी फुटली की नातं संपायला हवं. नागरिक मोठा होऊनही 'खालची' भूमिका घेतो म्हणजे त्याची बाई झाली. त्याची अब्रू गेली. आणि बाई होणं ही शिवी का? कारण बाई म्हणजे जिच्यावर हक्क गाजवायचा ती. मुलाच्या मनाचं काय, हे त्या गाण्यांत क्वचितच कुणी विचारतं. अशा नात्याला प्रेमाचं सुवर्णयुग म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आता गुलाम कुठे बसतो ते बघा. वक्ता एस्खिनीस याने इसवी सनापूर्वी ३४५ च्या सुमारास अथेन्सच्या न्यायालयात एक जुना कायदा सांगितला. परंपरा तो सोलोनच्या नावावर घालते. सोलोन स्वतः कवी आणि कायदे करणारा. कायदा असा, की गुलामाने व्यायामशाळेत कसरत करायची नाही, अंगाला तेल चोळायचं नाही. आणि गुलामाने स्वतंत्र मुलावर प्रेम करायचं नाही. केलं तर पन्नास फटके. नागरिकाने असं प्रेम करावं की नाही? एस्खिनीस म्हणतो, कायद्याने ते त्याला मोकळं ठेवलंय. आणि मालकाने आपल्या गुलामाशी काय करावं? तिथे फटके नाहीत.

परत वाचा. प्रेम हा गुन्हा नव्हता. खालच्याने वरच्यावर प्रेम करणं हा गुन्हा होता. हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज आहे का?

मेगाराचा थिओग्निस घ्या. त्याच्या नावावर जवळजवळ चौदाशे ओळी आहेत. बऱ्याच ओळी किर्नोस नावाच्या तरुणाला उद्देशून. त्या संग्रहाचा शेवटचा भाग तर मुलांच्या प्रेमावरचाच. पण हा किर्नोसला शिकवतो काय? चांगल्यांत बस, वाइटांत बसू नको. त्याचे 'चांगले' म्हणजे कुलीन, 'वाईट' म्हणजे हलक्या कुळातले. गुणाचा आणि जन्माचा शब्द एकच करून टाकलाय. तो तक्रार करतो, की मेंढा, गाढव, घोडा घेताना लोक जात बघून घेतात, आणि लग्नात मात्र पैसा बघून हलक्याची पोर घरात आणतात, त्याने वंश बिघडतो. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवलं होतं, की जातीचं मूळ आपापल्यातच लग्न करण्यात आहे आणि ते टिकवायचं तर बाईला बांधावंच लागतं. ग्रीसमध्ये आपल्यासारखी जात नव्हती. थिओग्निस रडतोय यावरूनच कळतं, की तिथे कुळं मिसळत होती. पण त्याला हवं होतं ते काय, हे आपल्याला चटकन ओळखू येतं.

माझा मुद्दा असा. थिओग्निसचं पुरुषावरचं प्रेम हे बंड नव्हतं. ते कुलीनांच्या पुढच्या पिढीचं शिक्षण होतं. कुणाचं प्रेम कुणावर आहे एवढ्यावरून तो कुणाच्या बाजूचा हे ठरत नाही.

मग बंड कुणी केलं? पारोस बेटाचा अर्खिलोकस. सातवं शतक. हा भाडोत्री शिपाई. आपण ढाल टाकून पळालो आणि जीव वाचवला, हे त्याने गाण्यात खुशाल सांगितलं. ढाल टाकणं म्हणजे ग्रीक मर्दानगीचं नाक कापणं. हा म्हणतो, ढाल दुसरी मिळेल. पुढे अथेन्सचा एक उमराव, क्रिटियास, त्याच्यावर भडकला. का? तर याने स्वतःच आपली लाज चव्हाट्यावर आणली. याची आई एनिपो ही गुलाम होती, हे आम्हाला याच्याच कवितेतून कळलं, असं क्रिटियासचं म्हणणं. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. गुलाम बाईचा पोरगा उठतो, आपला जन्म आपल्या तोंडाने सांगतो, आणि दोनशे वर्षांनंतरच्या उमरावाला ते झोंबतं! आत्मकथनाचा हा धक्का आपल्याला नवा नाही.

पण इथे थांबू नका. याच अर्खिलोकसचं निओबुली नावाच्या मुलीशी लग्न ठरलं होतं. तिचा बाप लिकांबेस याने ते मोडलं. याने सूड काढला तो गाण्यांनी. निओबुलीची, तिच्या बहिणीची, दोघींची अब्रू त्याने गाण्यात वेशीवर टांगली. त्या पोरींनी गळफास घेतला अशी दंतकथा पुढे चालत राहिली. १९७४ मध्ये कोलोनच्या एका पपायरसवरून त्याची एक मोठी कविता प्रसिद्ध झाली. तिच्यात निओबुलीला वापरून झालेली, उतरलेली बाई म्हणून हिणवलंय, आणि तिच्या बहिणीला गोड बोलून गवतात नेलंय. त्या पोरींची बाजू कोणत्याच गाण्यात नाही. जो मर्दानगीची ढाल टाकून पळाला, त्याने बाईवर चालवायचं हत्यार मात्र टाकलं नाही. चळवळीतल्या बाप्यांनो, मी हे वाक्य आधी स्वतःला वाचून दाखवलंय.

त्याच काळातला सेमोनिदीस ११८ ओळींत बायकांचे दहा प्रकार सांगतो. एक डुकरिणीपासून झालेली, एक कोल्हीपासून, एक कुत्रीपासून, एक गाढवीपासून, एक माकडिणीपासून. दहांत चांगली एकच, मधमाशीची. कारण ती राबते, पोरं देते आणि गप्पा मारत बसत नाही. कोचावरच्या मंडळींना हसवायला ही यादी.

आणि हीच शिवी खालून वर येणाऱ्याला कशी लावतात, ते अनाक्रिऑनमध्ये दिसतं. हा आधी सामोस बेटावर, मग अथेन्समध्ये, राज्यकर्त्यांच्या पदरी असलेला कवी. पोरांवरची त्याची प्रेमगाणी प्रसिद्ध. त्याने आर्तेमोन नावाच्या माणसाची टिंगल केलीय. हा आर्तेमोन आधी कळकट टोपी घालायचा, कानात लाकडाचे तुकडे, अंगावर कातडं. भाकरी विकणाऱ्या बायांत वावरायचा, चाबकाचे फटके खाल्लेला. आणि आता? आता गाडीतून फिरतो, कानात सोनं, हातात हस्तिदंती छत्री, बायकांसारखी! टिंगलीचा शेवट नेमका या 'बायकांसारखी'वर होतो. चाबूक खाल्लेला माणूस गाडीत बसला. त्याला खाली ओढायचं कसं? म्हणा, बायल्या आहे.

त्या दिवशी वर्गात आपण कुठल्या कोचावर बसून हसलो, ते मला इथे कळलं.

आता सॅफो. लेस्बोस बेट, सातव्या शतकाचा शेवट, सहाव्याची सुरुवात. घर कुलीन. राजकारणाच्या भांडणात तिला काही काळ सिसिलीला परागंदा व्हावं लागलं, याची नोंद पारोसच्या शिलालेखात आहे. तिच्या गाण्यांत बाया एकमेकींना नावाने हाक मारतात. अनाक्तोरिया, अत्थिस, गोंगिला. एका गाण्यात ती विचारते, जगात सगळ्यात सुंदर काय? लोक म्हणतात घोडदळ, कोणी म्हणतं पायदळ, कोणी आरमार. ती म्हणते, ज्याच्यावर ज्याचं मन जडलं ते. दाखला देते हेलेनचा, जी नवऱ्याला सोडून गेली, आणि तिला दोष देत नाही. मग दूर गेलेल्या अनाक्तोरियाची आठवण काढते. सगळं होमर, सगळ्या पलटणी एका बाजूला आणि एका बाईची चाल, एका बाईचा चेहरा दुसऱ्या बाजूला. हे गाणं जगाला परत मिळालं १९१४ मध्ये.

तिची एकच कविता आपल्यापर्यंत सबंध आली. ती ॲफ्रोदितेला घातलेली हाक आहे. देवी तिला सांगते, आज जी पळतेय ती उद्या तुझ्या मागे येईल. मागे लागणारी आणि पळणारी यांच्या जागा इथे बदलू शकतात. वर-खालीचा जो पक्का नियम मी आधी सांगितला, तो इथे हलतो. आणि पळणारी ही बाईच आहे, हे कशावरून? 'मनात नसलं तरी' या अर्थाच्या एका शब्दाच्या स्त्रीलिंगी शेवटावरून. तेवढ्या शेवटावर पंडित शतकानुशतकं अडखळले. १७११ मध्ये अँब्रोज फिलिप्सने इंग्रजीत आणताना तिथे पुरुष घातला. तिथे बाई आहे हे इंग्रजी वाचकाला सरळ वाचायला मिळालं १८८५ च्या व्हार्टनच्या पुस्तकात. दुसऱ्या एका गाण्यात प्रिय बाई समोर दिसताच जीभ अडते, कानात घुमतं, घाम फुटतो. तिथे बोलणारी बाई आहे हेही एका विशेषणाच्या स्त्रीलिंगी रूपाने कळतं. मराठीत तर लपायला जागाच नाही. 'मी जळतो' म्हणा नाही तर 'मी जळते' म्हणा. तोंड उघडलं की लिंग कळतं.

मग तिचं तोंड बंद कसं करायचं? अथेन्सच्या नाटकवाल्यांनी तिच्यावर प्रहसनं लिहिली. फाओन नावाच्या नावाड्यासाठी ती कड्यावरून उडी मारून मेली, अशी गोष्ट चालवली. दहाव्या शतकातल्या सुडा या कोशात तिला एक नवरा दिलाय, पण त्याचं नाव आणि गाव मिळून एक चावट कोटी होते, असं अभ्यासकांचं मत. १८१६ मध्ये वेल्कर या जर्मन पंडिताने तिच्यावरचा 'कलंक' धुवायला पुस्तक लिहिलं. १९१३ मध्ये विलामोविट्सने तिला मुलींच्या शाळेची सोज्वळ बाई करून टाकलं. कुणी शिवी दिली, कुणी सोवळं नेसवलं. दोन्हींचा हेतू एकच, ती जे म्हणते ते ऐकू येऊ नये.

तिची गाणी जाळावीही लागली नाहीत. पुढच्या नकलनवीसांनी नक्कल करणं सोडलं, बस. तिच्या पहिल्या पुस्तकात १,३२० ओळी होत्या, अशी एका पपायरसच्या शेवटी नोंद आहे. असली आठ-नऊ पुस्तकं होती. आज सगळं मिळून साधारण साडेसहाशे ओळी हातात आहेत, त्याही बऱ्याच फाटक्या. ज्याची नक्कल होत नाही ते मरतं. स्टेन्सिल कापणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि ती परत कुठून आली? उकिरड्यातून. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस गावाबाहेरचे कचऱ्याचे ढिगारे. १८९६-९७ पासून ग्रेनफेल आणि हंट या दोघांनी ते उपसले. जुने हिशोब, पावत्या, अर्ज, आणि त्यांत सॅफोचे तुकडे. २००४ मध्ये कोलोनच्या पपायरसवरून तिचं म्हातारपणाचं गाणं बरंचसं पुरं झालं. २०१४ मध्ये तिच्या भावांवरचं गाणं पुढे आलं. ते पपायरस कुणाच्या हातून आलं यावर मोठा वाद झाला, तो वेगळा विषय.

पण या भावांपाशी मला थांबायचंय. एका भावाचं नाव खाराक्सोस. हेरोडोटस सांगतो, थ्रेस देशाची एक बाई होती, रोडोपिस. सामोसच्या इयाद्मोनची गुलाम. त्याच घरात तिच्याबरोबरचा दुसरा गुलाम होता इसाप, गोष्टीवाला. तिला धंद्यासाठी इजिप्तला नेलं. तिथे खाराक्सोसने भली मोठी रक्कम मोजून तिला सोडवलं. तो घरी परतला, तेव्हा सॅफोने गाण्यात कडक शब्द सुनावले. कुणाला? हेरोडोटसने वापरलेलं सर्वनाम पुरुषाला आणि बाईला दोघांना चालतं. भावाला झापलं का त्या बाईला, व्याकरण सांगत नाही. सॅफोच्या गाण्यात तिचं नाव डोरिखा असं होतं, असं स्ट्राबो सांगतो.

एका शब्दाच्या शेवटाने सॅफोचं प्रेम वाचलं. एका सर्वनामात रोडोपिस बुडाली. जी बाई बाईवरच्या प्रेमासाठी सगळ्या पलटणी ओवाळून टाकते, तिला विकत आणलेली बाई आपली वाटली नाही. सॅफोला मी यासाठी फाशी देत नाही. तिचं गाणं मला हवंच आहे. पण एका दुःखाने दुसरं दुःख आपोआप कळत नाही, ते शिकावं लागतं. अर्खिलोकसला ते कळलं नाही. सॅफोला कळलं नाही. मला त्या दिवशी वर्गात कळलं नव्हतं.

रोडोपिसने काय केलं? ती इजिप्तमध्येच राहिली, पैसा कमावला. आपली आठवण मागे राहावी, तीही दुसऱ्या कुणी ठेवली नसेल अशी, असं तिच्या मनात आलं. कमाईच्या दहाव्या हिश्शातून तिने बैल भाजायच्या लोखंडी सळया करवल्या आणि डेल्फीच्या देवळाला पाठवल्या. हेरोडोटस म्हणतो, त्या अजून तिथे ढीग करून पडल्यात, देवळासमोरच्या वेदीच्या मागे. गाणं नाही, 'मी' नाही. लोखंडाचा ढीग. तो मला तरी गाण्यासारखाच ऐकू येतो.

म्हणून मित्रा, तुझ्या प्रश्नाचं पुरं उत्तर हे. होते. दोन्ही अर्थांनी आपल्यासारखे होते. एकाच देहात दोन्ही असलेलेही असणार, ज्यांना त्या पन्नास फटक्यांचं भय होतं. कोणी नसतंच तर कायदा कुणासाठी केला? त्यांचं एकही गाणं उरलेलं नाही. बंदी तेवढी उरली.

पुढच्या वर्गाला ये. तुला काही सांगायचं असेल तर सांग, नसेल तर सांगू नको, त्याची सक्ती नाही. तो विनोद पुन्हा झाला तर वर्ग मी तिथेच थांबवीन, आणि सगळ्यांपुढे आर्तेमोनच्या छत्रीची गोष्ट सांगीन. मागच्या वेळी मी हसलो होतो, हेही सांगीन.